आगडोंबाला दहापैकी चार

आमच्या घरच्या फाशांच्या खेळातला आगडोंब हा मंत्र मी माझ्या वहीत दहापैकी चार गुण देऊन कधीच निकालात काढला होता. आठ फासे टाकायचे, जेवढी बेरीज येईल तेवढा समोरच्याचा जीव कमी. ऐकायला भारी. पण वीस पावलांच्या वर्तुळात जे असेल ते सगळं जळतं, आपला-परका बघत नाही. असल्या मंत्राला मी चारच देणार, हे घरात सगळ्यांना ऐकवूनही झालं होतं. दिवसभर दुकानांचे वजनकाटे तपासते मी. कोणी नुसतं 'भारी आहे' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

त्या रविवारी दुपारी दादा म्हणाला, "बोल, काय करतेयस? चेटकीण तुझी, पाळी तुझी."

जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघं होतो. खेळ चालवणारा दादा, चोर झालेला मामा, चेटकीण मी, आणि बाबांचा दारवान खेळणारी आई. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचा दारवान मात्र जिवंत होता, म्हणजे त्याचे आकडे लिहिलेला कागद होता: बाबांच्या अक्षरातला, चार घड्यांचा, खिशात राहून राहून मऊ पडलेला. आमच्या घरचा नियम असा, की खेळात पात्र मेलं की त्याचा कागद तिथल्या तिथे फाडायचा, आणि ज्याच्या हातून मेलं त्यानेच फाडायचा. नियम बाबांनीच केलेला. म्हणून तर आई दारवानाला कायम सगळ्यांच्या मागे ठेवायची.

आज तो पुढे होता. किल्ल्याच्या दाराची साखळी धरून उभा, आणि समोर चार पावलांवर हिमराक्षस. साखळी सुटली की राक्षस बाहेर, मग खालचं गाव संपलं. दादा आकडे लपवत नाही. राक्षसाचा जीव उरला होता एकतीस, दारवानाचा एकोणीस.

"आगडोंब टाक," मामा म्हणाला. "दुसरं काय आहे तुझ्याकडे? काजवे?"

"सरासरी अठ्ठावीस येते," मी म्हटलं. "एकतीस किंवा वर जायची शक्यता दहात तीन. राक्षस मरायचा नाही आणि आपला माणूस फुकट जाईल. मी बाण मारते."

"बाणाने दहा जातील. मग तो तीस पावलं धावत येऊन मला चिरडेल आणि परत जाऊन साखळी तोडेल."

"मग चिरडू दे."

"वा गं भाची," मामा म्हणाला. "नात्याला जागलीस."

मी वही उघडून तोच हिशेब पुन्हा मांडायला लागले. हिशेब बरोबरच होता. पण खरं सांगायचं तर मला तो कागद फाडायचा नव्हता, आईसमोर तर नाहीच नाही. दादालाही ते कळत होतं. तो मान खाली घालून टोक असलेल्या पेन्सिलीला टोक करत बसला होता.

"टाक," आई म्हणाली.

"आई, तुला कळतंय का..."

"मोजता येतं मला. दीड वर्ष त्यांना मागे मागे लपवतेय मी. असे होते का ते कधी? घरात पाल दिसली तरी पहिले पुढे. टाक."

"निदान बाजूला उडी तरी मारेल ना तो?" दादाने विचारलं. "साधली तर निम्मंच नुकसान."

"साखळी सोडून? ते नाही मारणार उडी."

मी फासे उचलले. सगळ्यांचा राग येत होता, बाबांचासुद्धा, असला नियम करून ठेवला म्हणून. टाकले एकदाचे. सहा, पाच, पाच, चार, तीन, दोन, एक. सव्वीस. आठवा फासा पाण्याच्या बाटलीला टेकून कलला होता.

"कललेला धरत नाहीत," मामा हळूच म्हणाला. "परत टाकायचा. पाच तरी हवेत."

माझा हात काही पुढे होईना. आईने फासा उचलला, मुठीत जरा वेळ धरला आणि टाकला. पाच.

"एकतीस," दादा म्हणाला. त्याने राक्षसाची सोंगटी आडवी केली. मग जरा थांबून दारवानाचीही केली. "साखळी हातातच आहे त्याच्या. गाव वाचलं."

आईने कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, मला नाही जमणार.

"नियम त्यांचा आहे," ती म्हणाली. "फाड."

मधल्या घडीवर धरला तर जोरही लावावा लागला नाही, कागद आपसूक सुटला. मी रडले. लपवलं नाही. मामा भरलेली बाटली भरून आणायला म्हणून आत निघून गेला.

आईने दोन्ही तुकडे चष्म्याच्या डबीत ठेवले आणि दादापुढे हात केला.

"एक कोरा कागद दे. इतके दिवस त्यांचंच पात्र खेळतेय. आता मला माझं बनवायचंय."

दादाने कागद दिला, पेन्सिल दिली. तिने कागद तळव्याने सपाट केला आणि मला विचारलं, "या वयात मंत्र शिकता येतात का गं?"

"येतात," मी म्हटलं.

"मग तो चार गुणांचा आधी सांग. लिहून घेते."