सिंचनावर राज्य

दावणगेरेच्या महाविद्यालयात क्रीडाशिक्षक व्हायला शिकणारी मुलं दर शनिवारी आमच्या सिंचनाच्या वर्गाचा तास घेतात. ती तिसरीत आहे. डाव्या पायात कॅलिपर, म्हणून मी मैदानाकडेला कडुलिंबाखाली बसून असते. पट्टा सैल झाला तर, ढकललं कुणी तर. काल त्यांच्यातल्या वीरेश सरांच्या तासाची परीक्षा होती, आणि त्यांचा हा शेवटचाच तास.

खेळ पकडापकडीचा. कुणीच धावायचं नाही, फक्त चालायचं, हा नियम सरांनी सिंचनासाठी काढलेला. महिनाभर ती गच्चीवर माझ्यामागे भरभर चालत होती. "अम्मा, आज माझ्यावर राज्य येणार बघ," सकाळी तोंडात दोशाचा घास असतानाच म्हणाली. बाकीची पोरं राज्य चुकवतात. हिला तेच हवं होतं.

राज्य प्रज्वलवर होतं. त्याचा हात हिच्या पाठीपर्यंत आला नि मागे गेला. पुन्हा तसंच. शेवटी ही त्याच्यापुढे जाऊन उभीच राहिली.

"शिव ना रे!"

"सरांनी नको सांगितलंय. तू लिंबूटिंबू."

तो तिला वळसा घालून गेला. खुर्चीवरच्या परीक्षक मॅडम कौतुकानं मान हलवत होत्या.

तास संपल्यावर सर घाम पुसत आले. "अक्का, पाहिलंत? एकदाही पडली नाही!"

"एकदा तरी राज्य येऊ द्यायचं होतं, सर."

"मॅडम बसलेल्या. हिला कुणी सापडलंच नसतं, तर खेळ तिथंच बसला असता हो."

"पण सगळी चालतच होती ना? नियम तुमचाच."

ते रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले. "हो... सापडलं असतं," हळूच म्हणाले. "पुढच्या शनिवारी—" आणि अडकले. सोमवारी त्यांना बळ्ळारीला रुजू व्हायचं होतं. त्यांनी सिंचनाच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोकं काढून घेतलं.

संध्याकाळी गच्चीवर मीच तिच्यामागे लागले. कॅलिपर वाजवत ती अशी सुटली, की मला खरंच पाय उचलावे लागले. पाण्याच्या टाकीपाशी गाठलं तिला.

"सिंचनावर राज्य!"

ती हसली. मग कठड्याला टेकून पट्टा घट्ट करू लागली.

"हे धरत नाहीत, अम्मा. तू त्या खेळात नव्हतीस."