बिनगव्हाच्या पिठाचा डबा

मी पिठाचा डबा बोलतोय. स्टीलचा, पाच किलोचा. पण आधीच कबूल करतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. झाकण उघडलं की मला एखादा हात दिसतो, झाकण मिटलं की नुसते आवाज ऐकू येतात. एवढ्या सामग्रीवर घरातल्या माणसांविषयी काही ठाम बोलावं का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

एक गोष्ट मात्र पुराव्यानिशी सांगता येते. माझ्या अंगावर कोरलंय, 'सर्जेराव यांच्या लग्नात मित्रमंडळाकडून सप्रेम भेट, १९७१'. बाकी माझा जन्म जालन्याच्या भांडेबाजारात झाला असावा. 'असावा' म्हणतो, कारण आधार नाही.

हे सर्जेराव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. पुढे कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांनी मराठवाड्यातल्या धान्य साठवणुकीवर चारशे बारा पानांचा प्रबंध लिहिला आणि उंदरांच्या भीतीने तो माझ्यात ठेवला. अकरा वर्षं. अंधारात मी तो वाचला कसा, हे विचारू नका. पण प्रबंध बाहेर निघाला तेव्हापासून मला कुठलंही विधान सरळ करवत नाही. कोठीत शेजारी असलेल्या डाळीच्या डब्याला असा त्रास नव्हता. तो सुखी होता, असं मला वाटतं.

स्वयंपाकघरात मी आलो तो सर्जेरावांच्या नातीमुळे.

अक्षता लांब पल्ल्याची धावपटू. रोज पहाटे ती जाफराबादच्या रस्त्याने दहा किलोमीटर पळायची. म्हणजे पळायला निघायची. चौथ्या किलोमीटरला तिच्या पोटात अशी कळ यायची की रस्ता सोडून ती थेट कुणाच्या तरी कपाशीत शिरायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गहू आणि दूध हिला चालत नाही, दोन्ही बंद. त्याच दिवशी सर्जेरावांनी मला घासून पुसून माझ्यावर कागद चिकटवला, 'फक्त ज्वारी. अक्षता. इतरांनी हात लावू नये.'

मला फार अभिमान वाटला. प्रबंधानंतर प्रथमच माझ्यावर काही जबाबदारी आली होती.

आठवडा गेला. अक्षता ज्वारीची भाकरी खात होती आणि तरी चौथ्या किलोमीटरला कपाशीत शिरत होती.

सर्जेरावांनी नोंदींची वही सुरू केली. पहिला संशय चहावर. अक्षता परतताना ओळखीची घरं हाक मारायची. तिच्यासाठी कोरा चहा करायचे, पण कोरा चहा पुढे करायला त्यांचा हात धजायचा नाही. "दूध रंगापुरतं घातलंय गं, चमचाभर. अगदीच काळा कसा द्यायचा? बरं दिसत न्हाई." चहा बंद झाला. कळ थांबली नाही. मग शेंगदाणे बंद. तूर बंद. लसूण, वांगं, विहिरीचं पाणी. शेवटी पायमोजे बदलले.

"मामा, पायमोज्यानं पोट कसं दुखंल?" सून बेबीनंदा म्हणाली. अक्षताची आई ती.

"तसं सिद्ध झालेलं नाही," सर्जेराव म्हणाले, "पण तसं होत नाही हेही सिद्ध झालेलं नाही."

पुढे त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. वय बहात्तर. नातीचंच जेवण जेवून ते अंगणात पळू लागले, तुलनेसाठी. तिसऱ्या फेरीला त्यांच्याही पोटात दुखलं. वहीत नोंद झाली, 'आनुवंशिक असू शकते.'

वहीत आता दोनच पदार्थ उरले, मीठ आणि माझ्यातली भाकरी. या दोघांवर कुणाचाच संशय नव्हता.

आणि खरं काय ते फक्त मला माहीत होतं.

दर आठवड्याला बेबीनंदा मला ज्वारीने भरून बदरोद्दीनच्या गिरणीत नंबराला ठेवायची आणि कामाला जायची. बदरोद्दीन भला माणूस. माझ्यावरचा कागद तो दर वेळी मोठ्याने वाचायचा, इकडेतिकडे बघायचा आणि स्वतःच्या पोत्यातला गहू एक मूठभर माझ्यात टाकायचा. "गावाची पोरगी पळून राह्यली," तो पुटपुटायचा. "नुसत्या ज्वारीवर पायात ताकद कुठून येईल? एका मुठीनं काय होतंय!"

घरी आल्यावर बेबीनंदा. तिच्या हातची नुसत्या ज्वारीची भाकरी काठाला चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची. लेकीला चिरलेली भाकरी वाढायची तिला लाज वाटे. दाराकडे बघत ती गव्हाचं पीठ मूठभर मिसळायची. "एका मुठीनं काय होतंय."

तिसरे कोण, हे सांगायला मला जड जातं. एका दुपारी झाकण उघडलं आणि आत दोन चमचे दुधाची पावडर पडली. मागोमाग सर्जेरावांचा चष्मा लुकलुकला. "हाडांसाठी," ते मला म्हणाले. मलाच म्हणाले असावेत, तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्या दिवशीची नोंद त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली, 'आहारात बदल नाही.'

मी ओरडावं म्हटलं तर डब्याला तोंड एकच, आणि ते उघडायचं दुसऱ्याच्या हाताने.

तेवढ्यात जालन्याची निवड चाचणी आली. दहा हजार मीटर, मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. पहिल्या दोघींना राज्याच्या प्रशिक्षण शिबिरात जागा. वयाच्या अटीप्रमाणे अक्षताची ही शेवटची संधी होती. आदल्या दिवशी ती माझ्याजवळ बसून भाकरी मोडत होती, खात नव्हती.

"आबा, मी डॉक्टरचं सगळं ऐकलं. तुमचंबी ऐकलं. पोट ऐकून न्हाई राह्यलं."

"अजून एखादा घटक राहिला असेल, बाळा."

"काय राह्यलं? आता फक्त मीच राह्यलेय. उद्या जर मधीच थांबले तर मंग बूट कोणाला तरी देऊन टाका."

सर्जेरावांनी वही मिटली.

जालन्यात दुसऱ्याच्या घरचं पीठ नको म्हणून त्याच दिवशी मला ताज्या ज्वारीने भरून गिरणीत नेलं. तिथून निघतानाचं मला नीट आठवत नाही. डोकं जड होतं, एवढंच. मग एसटी, सर्जेरावांची मांडी, माझ्यावर त्यांचे दोन्ही हात. पलीकडे अक्षता आणि बेबीनंदा. त्या प्रवासात मी ठरवलं, उघडायचं नाही. काहीही झालं तरी नाही.

जालन्याला सर्जेरावांचे जुने विद्यार्थी कारभारी यांच्याकडे उतरलो. "जयभीम सर, घर तुमचंच आहे." रात्री सगळ्यांसाठी भात झाला. पहाटे पाचला बेबीनंदाने भाकरीसाठी माझ्या झाकणाला हात घातला.

मी घट्ट धरून राहिलो.

तिने ओढलं. कारभारींनी मला गुडघ्यात धरून ओढलं. चमच्याचं टोक घातलं, चमचा वाकला. लाटण्याने ठोकलं. शेजारचे दोघे टॉवेल गुंडाळून आले, त्यांनी मला दोन्ही बाजूंनी ओढलं आणि दोघेही खाली बसले.

"बाजूला व्हा," सर्जेराव म्हणाले. "उष्णतेने धातू प्रसरण पावतो." त्यांनी पातेलंभर उकळतं पाणी माझ्यावर ओतलं. ते माझ्या सर्वांगावर ओतल्यामुळे मी आणि झाकण सारखेच प्रसरण पावलो.

"मामा, सहा वाजले! पोरगी काय उपाशी पळणार का?"

"रातचा भात असंल तर द्या," अक्षता म्हणाली. "मीठ टाकून द्या. माझं कायबी होऊ द्या आता."

ती भात खाऊन निघाली. सर्जेरावांनी मला पिशवीत घातलं आणि मैदानावर नेलं. का नेलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शर्यत मी पाहिली नाही, ऐकली. फेऱ्या ते मोजत होते. सात. आठ. नऊ. दहाव्या फेरीला चार किलोमीटर होतात. ते "दहा" म्हणाले आणि पुढचा आकडा येईपर्यंत माझ्या कडा त्यांच्या बोटांनी आवळल्या गेल्या.

"अकरा," ते म्हणाले. मग ओरडले, "अकरा! बेबीनंदा, अकरा!"

"मामा, खाली बसा, लोक बघून राह्यले."

पंचविसाव्या फेरीपर्यंत त्यांचा आवाज बसला होता. अक्षता दुसरी आली.

घरी परतल्यावर सर्जेराव वही घेऊन बसले. बदललं काय? भाकरी नव्हती. लोहाराकडून माझं झाकण काढवलं, पीठ परातीत ओतलं. बेबीनंदा रडायला लागली आणि तिने आपली मूठ कबूल केली. मग सर्जेरावांनी आपले दोन चमचे कबूल केले. वहीतली 'आहारात बदल नाही' ही नोंद त्यांनी अक्षतासमोर खोडली. दोन कबुल्या घरातच मिळाल्यावर गिरणीपर्यंत कुणी गेलं नाही.

"आबा," अक्षता हसत म्हणाली, "म्हणजे पायमोजे बेकसूर होते."

ती शिबिराला गेली. मी फडताळाच्या वरच्या फळीवर गेलो, माझ्यात सुतळी आणि खिळे ठेवले. माझी तक्रार नव्हती. सगळ्या आयुष्यात मी एकच कृत्य स्वतःच्या इच्छेने केलं होतं आणि ते बरोबर वेळेला केलं होतं. शंकेखोर डब्याला म्हातारपणी एवढं पुष्कळ.

आज माझी कड झिजलीय, कोरलेल्या नावातलं 'सप्रेम' पुसट झालंय. तुमच्या घरात कुणाच्या नावाचा डबा असेल तर एक विनंती आहे. त्यात प्रेमाने काही टाकायचं झालं तर आधी त्या माणसाला विचारा. डबा सांगू शकत नाही.

सहा वर्षांनी, यंदाच्या मे महिन्यात, अक्षता सुटीला आली. ती आता जालन्यात शाळेतल्या मुलींना पळायला शिकवते. तिने मला खाली काढलं, घासलं आणि ज्वारी घेऊन स्वतः गिरणीत गेली. आधी जातं झाडून घ्या, मग दळा, म्हणाली. बदरोद्दीन आता काठी टेकतो. त्याने मला ओळखलं आणि तो खुर्चीवर बसला.

"बेटा, एक गुन्हा सांगू? दर खेपेला मी मूठभर गहू टाकत होतो. तुझ्या ताकदीसाठी."

अक्षताने मला खाली ठेवलं. "चाचा! तुम्हीबी?"

"आणि जालन्याच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी पाच मुठी टाकल्या. बडी शर्यत होती ना! डबा शिगोशीग भरला, झाकण बसेना. मंग ठोकून बसवलं."

माझ्या झाकणावर एक गोल खड्डा आहे. तो प्रवासात पडला, असं घरात सगळे समजत आले होते. बदरोद्दीनने तराजूजवळचं दोन किलोचं लोखंडी माप उचललं आणि त्या खड्ड्यात ठेवलं. बरोबर बसलं.