चोरलेला खांदा

उडी मोजायची पद्धत अगदी साधी होती. बोटांना खडूची पूड लावायची, भिंतीवरच्या काळ्या फळीला खेटून उभं राहायचं, टाचा न उचलता हात जाईल तितका वर न्यायचा आणि खूण करायची. मग जागच्या जागी उडी मारून वर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. व्हॉलीबॉलच्या सरांचा या अंतरावर भारी जीव. 'आमची नीट जेवतच नाही हो' असं रडगाणं घेऊन कुणाची आई आली की ते म्हणायचे, "उडी वाढतेय ना? मग पोरगी ठणठणीत आहे." आया बिचाऱ्या आल्या पावली परतायच्या.

आज मात्र सरांचंच डोकं चालेनासं झालं होतं. फळीसमोर त्यांची स्वतःची मुलगी उभी होती. घरी ती त्यांना बाबा म्हणे, हॉलमध्ये सर. तिचा आजचा आकडा त्यांना व्हॉलीबॉलच्या मोठ्या प्रशिक्षण केंद्राला फोनवर कळवायचा होता. तिथे राहून शिकायला मिळायचं, पण पन्नास सेंटीमीटरच्या आतल्या उडीला ते दारात उभं करत नसत. मुलीने केंद्राचा असा काही ध्यास घेतला होता की, घरात दुसरा विषय नव्हता. मागच्या चाचणीत तिची उडी बावन्न भरली होती. म्हणून सर निर्धास्त होते.

आज भरली सेहेचाळीस.

सरांनी टेप झटकून पुन्हा लावली. सेहेचाळीस. कपाटातून दुसरी टेप काढली, तिनेही तेच सांगितलं. त्यांनी मुलीच्या बुटांचे तळवे उलटून पाहिले, जमिनीवर पाय घासून पाहिला, फळी भिंतीवरून सरकली तर नाही ना, हेही पाहून झालं. फळी खिळ्यांनी ठोकलेली होती, ती कुठे जाणार! गंमत म्हणजे वरची खूण तिच्या आजवरच्या सगळ्या खुणांपेक्षा उंच होती. हात पूर्वीपेक्षा वर पोचला आणि उडी घटली, हे कुठलं गणित? वाढीच्या वयात हातपाय आधी लांबतात, ताकद मागाहून येते, हे त्यांनी स्वतःच कितीतरी आयांना समजावलं होतं. पण पोरगी वाढली होती जेमतेम बोटभर. मग उडीतले बाकीचे सेंटीमीटर कुठे गडप झाले?

मागे चाचणीच्या रांगेत उभी असलेली एक चष्मेवाली मुलगी फिस्सकन हसली.

"काय झालं हसायला?"

"काही नाही सर. आज तिने खांदा चोरला नाही ना, म्हणून."

"खांदा?"

चष्मेवालीने त्यांना करूनच दाखवलं. तिने हात वर केला, पण खांदा आत दाबून धरला. हात ताणल्यासारखा दिसत होता, पण बोटं चांगली चार बोटं खालीच राहिली. "पहिली खूण अशी करायची. मग उडी आपोआप जास्त भरते. सगळेच करतात, सर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सर बाकावर बसले. दर चाचणीला पोरं थोडी थोडी पुढे जात होती आणि सर कॉलर ताठ करून फिरत होते. ती नेमकी कशात पुढे जात होती? उडी मारण्यात, की खांदा चोरण्यात? काही तर खरंच उंच उडत असतील. पण कोण? त्यांनी रांगेकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे एकजात निरागस दिसत होते, आणि त्याचाच त्यांना राग आला.

मग ते मुलीजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "पुन्हा उभी राहा."

ती राहिली.

"जरा... सैल उभी राहा."

मुलीने मान वळवली. "हे सर सांगतायत की बाबा?"

आपल्या आतला नेमका कोण बोलला, ते त्यांनाच कळेना. मुलीने हात पार खांद्यातून ताणून वर नेला, खूण केली आणि उडी मारली. पुन्हा सेहेचाळीसच.

सरांनी केंद्राला फोन लावला आणि आकडा सांगितला.

"मागे तर बावन्न कळवली होती," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "कमी कशी झाली?"

"वाढलीय ती."

"उडी वाढली?"

"नाही हो, पोरगी."

"मग उडीचं काय?"

"ते मलाही नीट उमगलेलं नाही," सर म्हणाले.

बाईंनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून फोन ठेवला.

मुलगी बाहेर पायरीवर बुटांच्या नाड्या सोडून बसली होती आणि हमसून हमसून रडत होती. सरांना तिची दया आली आणि तिच्यावर चीडही आली.

"एवढं जिवाला लागतंय, तर आजच कुठून सुचलं हे शहाणपण? कुणी सांगितलं होतं?"

तिने बाहीला नाक पुसलं.

"तिथे गेल्या गेल्या पुन्हा मोजतात. हात धरून पार खांद्यातून वर ओढतात म्हणे. मग तिथे रडू आलं असतं, तर तू कुठे असतास, बाबा?"