उन्हात न दिसलेला उजेड

मी एक जुना टेस्टर आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद नक्की असेल. वीतभर लांब, पेचकसासारखा चपट्या टोकाचा, पिवळ्या पारदर्शक मुठीचा. माझ्या पोटात हरभऱ्याएवढा दिवा आहे. टोक तारेला लावायचं आणि मागच्या टोपीवर बोट ठेवायचं. तारेत वीज असेल तर दिवा लाल लागतो, नसेल तर लागत नाही. आहे की नाही, एवढं एकच मी जन्मभर सांगत आलो. खोटं मी कधी बोललो नाही. तरीही माझ्यामुळे एक घर मोडलं.

सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथून मला भिमाजीने आणलं. तो सातपूरलाच एका कारखान्यात वायरमन होता. त्याचं गाव म्हणजे त्र्यंबकच्या पलीकडे, घाट उतरल्यावर लागणारा साठेक घरांचा पाडा. कारखान्याला शनिवारी सुट्टी असायची. शुक्रवारी संध्याकाळी तो शेवटच्या एस.टी.ने घरी यायचा. मी त्याच्या खिशात पेनासारखा अडकवलेला असायचो.

१९९४ साली पाड्यावर खांब आले. घराघरात एकेक दिवा लागला आणि मागोमाग कटकटीही आल्या. कुणाचा फ्यूज जायचा, कुणाचं बटण तडतडायचं, कुणाच्या घरात उंदीर वायर कुरतडायचे. शनिवारी सकाळी भिमाजी चहा पीत असतानाच दारात माणसं उभी राहायची. तो हसत उठायचा आणि घरोघर फिरायचा. भिंतीवरच्या लाकडी बोर्डाशी माझा दिवा लागला की पोरं टाळ्या वाजवायची. ते माझे मानाचे दिवस होते. ते पाचच वर्षं टिकले.

१९९९ मध्ये कारखाना बंद पडला. भिमाजीला वापीकडे काम मिळालं आणि तो बायकोमुलांना घेऊन तिकडे गेला. जाताना मला त्याने थोरल्या बहिणीच्या, ठमाबाईच्या हातात दिलं.

"ताई, हा ठेव. लाल दिसलं की लांब व्हायचं. बाकी काय नाय."

ठमाबाई विधवा होती. तिच्या घरात मुलगा भारत आणि सून मंजुषा. तिने मला देवळीत, हळदीच्या डबीशेजारी ठेवलं. कुणाच्या घरी काही बिघडलं की ती मला घेऊन जायची, टोक लावून बघायची आणि वीज आहे की नाही ते सांगायची. दुरुस्तीला मात्र तिने कधी हात घातला नाही. दुरुस्तीसाठी बारा मैलांवरच्या बाजाराच्या गावातून सुनील नावाच्या वायरमनला बोलवावं लागे. त्या सगळ्या मुलखात तो एकटाच. त्याच्याकडे एक मोटारसायकल आणि चाळीस पाडे. किराणा दुकानातल्या फोनवर निरोप ठेवायचा आणि वाट बघायची.

मंजुषा दहावी शिकलेली होती. पाड्यावरच्या अंगणवाडीत ती मुलांना गाणी शिकवायची. चुलीवरही एक दिवा हवा म्हणून तिने भारतच्या मागे लकडा लावला होता. "अंधारात भाकरी करपते आणि शिव्या मला पडतात," असं ती म्हणायची, आणि सगळ्यात आधी ठमाबाईलाच हसू यायचं.

२००३ च्या श्रावणात नऊ दिवस पावसाची झड लागली होती. खांबावरून घरात येणारी वायर वाऱ्याने हलून पत्र्याच्या कडेला घासत होती. खालून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एका सकाळी मंजुषा पडवीतून आत आली आणि हात चोळत म्हणाली, "आत्याबाई, पत्र्याखालच्या लोखंडी पायपाला हात लागला तर झिणझिण्या आल्या."

ठमाबाईने लगेच मेन स्विच खाली केला आणि भारतला पिटाळलं. झडीत फोन बंद होता, म्हणून भारत चिखल तुडवत बाजारच्या गावी जाऊन आला.

"सुनील म्हणतो, उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ओहोळाला पूर होता, मोटारसायकल येणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी भारत पुन्हा गेला तर सुनील दुसऱ्याच पाड्यावर गेला होता. चौथ्या दिवशीही तो आला नाही. चार दिवस त्या घरात कुणी पायपाला शिवलं नाही.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. नऊ दिवसांचे ओले कपडे घरात कुबट वास मारत होते. दुपारी मंजुषाने ते धुऊन काढले. वाळत घालायची तार एकीकडे त्याच पायपाला आणि दुसरीकडे आंब्याला बांधलेली होती. बादली घेऊन ती थबकली.

"आत्याबाई, घालू का तारेवर?"

"थांब. बघू दे आधी."

ठमाबाईने मेन स्विच खालीच असल्याचं पुन्हा पाहिलं. पण मित्रांनो, वायर घासली होती ती घराबाहेर, मेनच्याही आधी. मेन बंद केल्याने तिची वीज थांबणार नव्हती. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग तिने मला आणलं. माझं टोक पायपाला लावलं आणि टोपीवर बोट ठेवलं. मी लागलो. जितका लागता येतो तितका लागलो. पण डोक्यावर दुपारचं ऊन होतं, ओला पत्रा लखलखत होता, आणि साठीतल्या ठमाबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. तिने डोळे बारीक केले. मला उलटसुलट करून पुन्हा टेकवलं. मी पुन्हा लागलो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

"नाय गं," ती म्हणाली. "काय नाय. घाल."

मंजुषाने ओली साडी पिळली. ती ओल्या अंगणात अनवाणी उभी होती. तिने तारेला हात घातला.

ती ओरडलीसुद्धा नाही. तिची मूठ तारेवर आवळली गेली. ठमाबाई तिच्याकडे धावली, पण शेजारच्या भागीबाईने तिला मागून मिठी मारून धरलं आणि भारतला हाका मारल्या. भारत मागच्या वाफ्यातून आला. त्याने कोरडी काठी मारून हात सोडवला. मंजुषा खाली पडली. जीपमधून तिला दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनील आला. त्याला वाटेतच कळलं होतं. त्याने खांबावरून वीज तोडली, घासलेली वायर काढली आणि मग पायरीवर खाली मान घालून बसला. माणूस वाईट नव्हता. ठमाबाईने मला त्याच्यापुढे टाकलं.

"हा बिघडलाय का, बघ."

सुनीलने शेजारच्या घरात जाऊन मला बोर्डाला लावून पाहिलं आणि परत आला.

"मावशी, टेस्टर चांगला हाय. उन्हात त्याचा उजेड दिसत नाय. वर हाताची सावली धरावी लागती."

ठमाबाईला भावाचा हात आठवला. भिमाजी नेहमी मुठीवर तळहात धरायचा. त्याच्या हाताला ती सवय इतकी पक्की होती, की तोंडाने सांगायचं त्याला कधी सुचलंच नाही. भावाला ती एका शब्दाने बोलली नाही. तिने स्वतःचा उजवा हात उलटा केला आणि तळव्याकडे बघत बसली.

पुढच्या दिवाळीआधी भारत निफाडकडे द्राक्षबागांवर कामाला गेला. सुरुवातीला तो सणाला यायचा, नंतर तेही थांबलं. आईला त्याने कधी दोष दिला नाही. पण ती वाढायला बसली की तो ताटावरून नजर वर उचलत नसे. ठमाबाईने घरात वीज पुन्हा घेतली नाही. देवळीत माझ्या लोखंडी टोकावर गंज चढला.

लोक मात्र यायचेच. ते तरी कुणाकडे जाणार? एकदा शेजारची कुसाबाई आली. तिच्या घरातला बोर्ड ठिणग्या टाकत होता.

"ठमाबाई, टेस्टर दे ना जरा."

"देणार नाय. सुनीलला बोलव."

"तो कधी यायचा, आठ दिवसांनी?"

"आठ दिवस अंधारात बसा. अंधारात बसून कुणी मरत नाय."

कुसाबाई चिडून निघून गेली. थोड्याच वेळात तिच्या घराकडून बोर्ड उघडल्याचा आवाज आला. ठमाबाई उठून दारापर्यंत गेली, चौकट धरून उभी राहिली, आणि हाक मारायला उघडलेलं तोंड तिने तसंच मिटलं. तिच्या शब्दावर आता कुणी थांबणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

मित्रांनो, त्या दिवशी कुसाबाईला काही झालं नाही. म्हणून पुढच्या वेळीही तिने कुणाला बोलावलं नाही, आणि तिचं बघून इतरांनीही नाही. मला आता कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मी फक्त लागू शकतो. तुम्हाला एवढीच विनवणी आहे: झिणझिण्या आल्या तर त्या जागेला शिवू नका, दुसऱ्यालाही शिवू देऊ नका, आणि वायरमन येईपर्यंत ओले कपडे घरातच कुबट होऊ द्या. हे मी मंजुषाला सांगू शकलो नाही.