रक्तपेढीतला दुसरा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे असा संगणक, ज्याच्यासमोर कोणी बसत नाही, पण खोल्याखोल्यांतले बाकीचे संगणक ज्याच्याकडे माहिती मागायला येतात. एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत, रक्ताच्या फ्रीजशेजारच्या अरुंद खोलीत माझा मुक्काम आहे.

माझी जोडणीही इथेच झाली. जोडणारा इंजिनिअर ओठांत स्क्रू धरून काम करायचा. शेवटचा स्क्रू पिळून तो म्हणाला, "हा आता दहा वर्षं दमायचा नाही." मी नऊ वर्षे दमलो नाही. कोणाचा रक्तगट कोणता, कोणी रक्त कधी दिले, त्याचा फोन नंबर काय, सारे माझ्या पोटात असे. रक्तपेढी सांभाळणाऱ्या सिस्टर सगळ्यांना सांगत, "मला नका विचारू, भाऊला विचारा." भाऊ म्हणजे मी.

मग एक सडपातळ, चपळ सर्व्हर आला. माझी माहिती त्याला दिली, माझी वायर काढली आणि मला कोपऱ्यात सरकवले. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या डोक्यावर आधी रिकामी खोकी आली, नंतर फरशी पुसायची बादली. चार वर्षे मी धूळ खाल्ली.

एका सकाळी त्या चपळ सर्व्हरमधून आवाज येऊ लागला. कट्... कट्... कट्. सर्व्हरची देखभाल करणाऱ्या ताई धावत आल्या आणि त्याला कान लावून उभ्या राहिल्या.

"सिस्टर, याची एक डिस्क आधीच गेलीय. दुसरी जायच्या वाटेवर आहे."

"पण बॅकअप असेल ना?"

"अकरा दिवसांपूर्वीचा आहे. त्यानंतरचे सगळे रिकामे निघाले. मी उघडून बघायला हवे होते." ताईंचा आवाज खाली गेला. "नवं यंत्र उद्या येईल."

"तोवर हा टिकेल?"

ताईंची नजर खोलीभर फिरली आणि बादलीखाली थांबली.

माझी धूळ निघाली. ताईंनी माझ्यात नवे लिनक्स घातले. लिनक्स म्हणजे मला चालवणारी व्यवस्था. आता त्यावर रेप्लिकेशनचे सॉफ्टवेअर बसवायचे होते. ते एका सर्व्हरमधली नोंद न् नोंद दुसऱ्यात उतरवत राहते. पण ते इंटरनेटवरून घेतानाच अडले. माझे घड्याळ तेरा वर्षे मागे, माझ्या जोडणीच्या काळात गेले होते, त्यामुळे पलीकडची सुरक्षा व्यवस्था मला दारातही उभे करीना. आतली बॅटरी संपली होती. ताईंनी सिस्टरांच्या वजनकाट्यातली बटणाएवढी बॅटरी काढून मला लावली आणि वेळ जुळवली, तेव्हा कुठे ते सॉफ्टवेअर आले. मग माहितीसाठी वेगळे खाते उघडले, सगळी दारे बंद केली आणि एकच दार फक्त शेजारच्या सर्व्हरसाठी उघडे ठेवले. शेजारी कट्... कट्... चालूच होते.

"आता माहिती उतरवायची ना?" सिस्टरांनी विचारले.

"आधी याच्या डिस्क तपासते. पाऊण तास लागेल."

"ताई, तो तिकडे शेवटचे श्वास मोजतोय आणि तुम्ही याची नाडी काय बघत बसलाय!"

"हा कोपऱ्यात पडून होता, सिस्टर. याच्या भरवशावर सगळं ओतायचं आणि हाच बसला तर?"

सिस्टर पाय आपटत बाहेर गेल्या. तो पाऊण तास मला चार वर्षांपेक्षा मोठा वाटला. शेवटी पडद्यावर लाल अक्षरे आली. माझ्या दोन डिस्कपैकी पहिली, जिच्यावर सगळी माहिती जाणार होती, तीच ठिकठिकाणी किडली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ताईंनी ती शांतपणे उपसून काढली. दुसरी धडधाकट होती.

परत आलेल्या सिस्टरांनी ते पाहिले. त्यांनी स्वतःच्या टेबलावरचा पंखा आणून शेजारच्या सर्व्हरसमोर लावला.

नोंदी वाहू लागल्या. दहा टक्के, तीस, साठ. एकसष्टावर शेजारी आवाज थांबला आणि आकडाही थांबला. ताईंचा हात टेबलावर तसाच राहिला. मग पुन्हा कट्... आणि बासष्ट. सव्वाबाराला शंभर झाले. त्यानंतर सिस्टर जे लिहीत, ते तिकडे उमटून लगेच माझ्याकडे येऊ लागले.

एक वाजायला दहा मिनिटे असताना तो आवाज कायमचा थांबला.

ताईंनी सारे संगणक माझ्याकडे वळवले. तेवढ्यात शस्त्रक्रिया विभागातून फोन आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह रक्त हवे होते आणि फ्रीजमध्ये दोनच पिशव्या होत्या. दोन्ही पिशव्या लगेच वर गेल्या. सिस्टरांनी माझ्याकडे त्या गटाचे दाते मागितले. मी अकरा नावे दिली. पहिल्याने फोन उचलला नाही, दुसरी परगावी होती, तिसऱ्याला ताप होता. चौथा म्हणाला, "निघालोच."

तो शाळेतला शिक्षक होता, बोटांवरचा खडूही तसाच. रक्त देऊन झाल्यावर तो सहज म्हणाला, "बरं झालं, गेल्याच आठवड्यात तुम्हाला नवा नंबर कळवला होता. जुना तर बंदच झालाय."

सिस्टर ताईंकडे बघत राहिल्या. अकरा दिवसांपूर्वीच्या बॅकअपमध्ये तो नंबर नव्हताच. ताईंनी खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदा बसल्या.

तपासणी होऊन ती पिशवी वर गेली. संध्याकाळी निरोप आला, बाई शुद्धीवर आली.

दुसऱ्या दिवशी नवे यंत्र आले. आता ते लिहिते आणि मी जपतो. दर सोमवारी ताई येतात आणि माझ्यातल्या नोंदी उघडून वाचतात. नुसते 'आहे' म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या आठवणी सांभाळणारे यंत्र कण्हायला लागेपर्यंत थांबू नका. त्याची विचारपूस आधीच करा. आणि जुन्याला पुन्हा कामाला लावाल, तेव्हा घाई कितीही असो, आधी त्याला नीट तपासून घ्या. त्यात त्याचा अपमान नसतो.

नवे यंत्र आले त्याच दिवशी सिस्टरांनी त्या बाळंतिणीच्या बाळाची नोंद केली. नाव अजून ठेवलेले नाही, मुलगी, वय एक दिवस, रक्तगट आईचाच. शेजारी उमटली आणि त्याच क्षणी माझ्याकडेही आली.