दिल्लीत वाजलेली हलगी

त्या साली पाऊस नीट झालाच नाही. ऊस उभ्याउभ्या वाळला आणि दसरा उलटला तरी सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटेना. हंगामी कामगार गेटापाशी नुसते येऊन बसत. त्यात निवृत्तीही असायचा. समोर कारखान्याची पोरं लेझीम घोटायची. दिल्लीला एशियाड भरणार होतं. देशोदेशीच्या पाहुण्यांपुढं नाचायला चेअरमन भगवानरावांनी खटपट करून आपलं पथक लावून घेतलं होतं. पण पोरांचे पाय काही जुळेनात. एक दिवस निवृत्तीनं न राहवून रिकाम्या पिंपावर बोटं वाजवली, आणि सगळी पोरं एकदम तालात वाकली.

संध्याकाळी भगवानराव त्याच्या दारात आले. कपातला चहा प्यायले. आजवर त्या घरात ते पाणीही प्यायले नव्हते.

"निवृत्तीराव, दिल्लीला चला. हलगी तुमीच वाजवायची."

चेअरमन गेल्यावर जाईबाई चुलीपुढून उठली. "मामंजींनी आडात टाकली ती टाकली. आता कावून उचलता?"

छप्पन साली धर्म बदलला तेव्हा निवृत्तीच्या बापानं हलगी आडात फेकली होती. त्याआधी गावात कुणी मेलं, कुणाचं लगीन निघालं, की ती वाजवणं त्याला चुकत नसे, आणि मोबदला म्हणून शिळी भाकर मिळे. पण त्याच बापाच्या मांडीवर बसून निवृत्ती ताल शिकला होता, आणि तो त्याच्या बोटांतून कधी गेलाच नव्हता.

"तिथं ती कला हाय, जाई. तिथं आपल्याला कोण वळखतंय?"

शेजारीच राहणाऱ्या धाकट्या भावाला, बन्सीला, विचारावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण तो नको म्हणेल या भीतीनं विचारलं नाही.

दिल्लीत त्याला फेटा बांधला, रेशमी सदरा दिला. मैदानात पाऊल टाकलं तर चहूकडं माणसांनी भरलेल्या पायऱ्या. मग हलगी कडाडली. इतकी मोकळी ती बापाच्या हातात कधी वाजली नसेल, असं त्याला वाटलं. लेझमीतल्या पोरांनी बाहेर आल्यावर त्याला खांद्यावर घेतलं. त्या रात्री तो सगळ्यांच्या पंगतीत जेवला.

गावात परतल्यावर हारतुरे झाले. आणि जत्रा तोंडावर आली तसा पाटलांचा गडी धुळाजी वस्तीत आला.

"निवृत्त्या, पालखीपुढं हलगी लागतीया. पाटलांनी सांगितलंय."

निवृत्ती तडक चेअरमनकडं गेला. भगवानराव हसले. "साऱ्या दुनियेपुढं वाजवलीस, मग आपल्या देवापुढं कावून न्हाई? आपली संस्कृती हाय ती, बाबा."

हेच तर तो स्वतः जाईबाईला म्हणाला होता.

त्यानं वाजवली. विहाराच्या ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं पालखी येताना पाहून उठली आणि आत गेली. दिल्लीला गेलेली पोरं पालखीपुढं नाचली, पण त्याच्या नजरेला नजर देईनात. शेवटी पाटलीणबाईंनी जोंधळे आणले आणि त्याच्या उपरण्यात वरून टाकले, हात लागणार नाही अशा बेतानं.

पुढच्या जत्रेला त्यानं नाही म्हटलं. त्या हंगामात त्याला कामावर बोलावणं आलं नाही. जाईबाईला घेऊन तो बीडला गेला आणि स्टँडाबाहेर हमाली करू लागला.

एकदा कोर्टाच्या कामासाठी बन्सी बीडला आला. मधली दोन वर्षं तो निवृत्तीशी बोलला नव्हता. दोघं हॉटेलात बसले.

"आता हलगीला माझ्या पोरांना बोलावत्यात," बन्सी म्हणाला. "म्हणत्यात, तुमच्या चुलत्यानं दिल्लीत वाजवली, तुमालाच कसली लाज? त्यावरनं मारामारी झाली. त्याचीच तारीख हाय."

निवृत्तीनं चहाची बशी त्याच्यापुढं सरकवली.

"दादा, तू लई चांगली वाजवलीस म्हणत्यात. मी न्हाई म्हणत न्हाई. पर जायच्या आधी मला एकदा इचारायचं हुतंस."

"इचारलं असतं, तर तू जाऊ दिलं असतंस?"

"न्हाई," बन्सी म्हणाला.

"म्हणूनच न्हाई इचारलं," निवृत्ती म्हणाला. बन्सीनं चहाचे पैसे दिले आणि कोर्टाची वेळ झाली म्हणून तो उठला. निवृत्तीही त्याच्यासोबत कोर्टाकडं निघाला.