डावा सलाम

आमच्या खात्यात होयबा म्हटलं की कोण, हे विचारावं लागत नसे. ते माझे साहेब. वरून फोन आला की खुर्चीतून अर्धे उठून बोलायचे आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तसेच वाकलेले राहायचे. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली सरकारी बातमीपटांच्या फिल्म जोडल्या, आणि अकरा वर्षं त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

आमच्या कामात एक गोष्ट जपावी लागते. फिल्मच्या एका बाजूला रसायनाचा थर असतो आणि ती बाजू ओल्या ओठाला किंचित चिकटते. प्रत्येक तुकडा ओठाला लावून पाहायचा, मगच जोडायचा. नाहीतर चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. भर संचलनात, सकाळी दहाच्या ठोक्याला सेनापतींचा खून झाला, त्या दिवशी मला ताप होता आणि ओठ फुटले होते. खुनाची फिल्म संध्याकाळच्या आत हवी म्हणून साहेब डोक्यावर बसले होते. एक तुकडा मी नुसत्या अंदाजाने जोडला.

नेमका तोच. टोपीखाली चेहरा झाकलेला माणूस गर्दीतून हात वर काढतो, गोळी झाडतो आणि नाहीसा होतो. देशातल्या प्रत्येक चित्रपटगृहात खेळाआधी ही फिल्म दाखवली गेली आणि खुनी डावखुरा आहे हे सगळ्यांना पाठ झालं. धरपकड सुरू झाली. माझ्या ताईचे यजमान शिंपी, कात्री डाव्या हाताने चालवणारे, आणि दुकान संचलनाच्या रस्त्यावरच. तिसऱ्या दिवशी त्यांना उचललं. महिन्याभरात निकाल लागणार होता, आणि काय लागणार हे कुणी सांगायची गरज नव्हती. ताई त्यांची कात्री फडक्यात गुंडाळून माझ्याकडे ठेवायला आली. ती रडली नाही, पण चहा गार होईपर्यंत कप धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ती फिल्म पुन्हा लावली. खुन्याच्या मागे मनोऱ्यावरचं घड्याळ होतं. त्यावर आकडे नव्हते, नुसते काटे. ते दोन वाजल्याचं दाखवत होते. दहाचे आरशात दोन होतात. पिस्तुलावरची नजर काढून घड्याळाकडे पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं, आणि मलाही नाही.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

"बाई, त्या फिल्मवर वरचा शिक्का आहे. शिक्का बसलेली फिल्म चुकत नसते."

भाऊजी फासावर जातील, असं मी म्हणाले.

"आणि खुनी उजव्या हाताचा निघाला तर? सगळा देश पकडायचा का?"

एरवी हे मी खात्यात चार जणांना करून दाखवलं असतं. त्या दिवशी मला त्यांचा फक्त राग आला.

मग सेनापतींच्या अंत्ययात्रेची फिल्म माझ्या टेबलावर आली. शवपेटीसमोर आमचे थोरले साहेब, म्हणजे सगळ्या देशाचेच, सलाम ठोकत होते. मी त्यांचा प्रत्येक तुकडा ओठाला लावला, नीट खात्री केली आणि उलटा जोडला. सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर जोडणाऱ्याने आपली खूण करायची असते. मी माझा त्रिकोण काढला. भाऊजींच्या आधी मला नेतील, एवढंच डोक्यात होतं.

सही करण्याआधी साहेब प्रत्येक फिल्म पाहत. आम्ही दोघंच त्या खोलीत बसलो. पडद्यावर थोरल्या साहेबांनी डाव्या हाताने सलाम केला. पदकं उजव्या छातीवर लटकत होती. फिल्म संपल्यावर साहेबांनी दिवा लावला.

"ओठाला लावून पाहिलंत?"

"प्रत्येक तुकडा."

त्यांनी माझ्याकडून कात्री मागून घेतली. खुणेची पट्टी कापून खिशात टाकली, नवी जोडली, तिच्यावर आपली खूण केली आणि सही केली. मग हजेरीपट पुढे ओढला.

"तुम्हाला ताप आहे. गेल्या सोमवारपासून तुम्ही रजेवर आहात. घरी जा."

ती फिल्म दीड दिवस चालली. पहिल्या खेळाला म्हणे लोक गप्प बसले, दुसऱ्याला कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग थिएटरं आवरेनात. थोरले साहेब डावखुरे नाहीत हे सांगणं भाग होतं. फिल्म उलटी जोडली गेली, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. मग लोक पहिल्या फिल्ममधल्या घड्याळाबद्दलही बोलू लागले. डावखुऱ्यांना गाजावाजा न करता सोडून दिलं. साहेबांना त्याच्या आदल्या दिवशीच नेलं होतं.

भाऊजी आले ते निम्मे होऊन. आठवड्याने त्यांनी कात्री मागितली, टेबलावर गडद निळं कापड अंथरलं आणि म्हणाले, तुझ्या साहेबांना कोट शिवतो, परत आले की देऊ. माप सांग.

मी छाती सांगितली, खांदे सांगितले. उंची सांगता येईना. अकरा वर्षांत मी त्यांना ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मला तिथेच रडू कोसळलं.

भाऊजींनी कापड होतं त्यापेक्षा वीतभर पुढे ओढलं आणि कापायला घेतलं.